पिकअपची उंची वाढवायची आहे: स्वस्तातले स्पेसर की पूर्ण सस्पेंशन किट?

जावळीकर (सातारा):

नमस्कार. माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर-बाय-फोर पिकअप आहे. आठवडाभर ती साताऱ्यात घरच्या कामांना असते आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वर घाट चढून, कासच्या पलीकडे बामणोलीच्या अंगाला असलेल्या आमच्या शेतावर जाते. डांबरी रस्ता सोडल्यावर पुढची वाट जांभ्याची आणि लाल मातीची असून, पावसाळ्यात ट्रॅक्टरमुळे तिच्यावर इतक्या खोल चाकोऱ्या पडतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. जाताना हौद्यात खत आणि पेंड मिळून तीन-चारशे किलो वजन असते. येताना गाडी रिकामीच असते.

मला दोन पर्याय सुचवले गेले आहेत. पुढे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) आणि मागे लांब शॅकल (पाट्याचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कड्या) बसवण्याचे काम पंचवीस हजारांच्या आत होईल, तर नवीन स्प्रिंग, नवीन शॉकअप, पुढचे वरचे आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) आणि मागचे संपूर्ण पाटे असलेला संच दीड लाखाच्या पुढे जाईल. दोन्हींनी उंची सुमारे दोन इंचच वाढणार असेल, तर जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे? गाडीत माझी वयस्क आईही बसते, त्यामुळे आतला आरामही महत्त्वाचा आहे.

कराडचा मिस्त्री:

पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी गाडीखाली शिरा आणि ओरखडे नेमके कुठे पडले आहेत ते पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. तुमच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) अखंड आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा आहे. तुम्ही स्पेसर बसवा किंवा दीड लाखाचा संच बसवा, चेसिस आणि बॉडी वर उचलली जाते. पण अ‍ॅक्सल चाकांना जखडलेला असल्याने तो गोळा जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहतो. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मोठा टायर, आणि तिथेही व्यास एक इंचाने वाढवला तर गोळ्याखाली अर्धाच इंच मिळतो.

आता स्पेसरविषयी. शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडीच्या डोक्यावर ही चकती बसते. आर्मच्या तरफेमुळे एक इंचाची चकती चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची देते. स्प्रिंग आणि शॉकअप कंपनीचेच राहत असल्यामुळे साध्या रस्त्यावर गाडीची चाल फारशी बिघडत नाही, हा तिचा खरा गुण आहे आणि तो उगाच नाकारला जातो. अडचण येते ती चाक लोंबकळल्यावर. खोल चाकोरीत एक चाक अधांतरी राहिले की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खाली जातो, सीव्ही जॉइंटचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) आणि बॉल जॉइंटचा (आर्म चाकाला जोडणारा सांधा) कोन तीव्र होतो आणि कधी वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. स्प्रिंगच्या आतच चकती घालून तिला दाबून बसवण्याचा दुसरा प्रकारही चालतो. त्यात चाकाचा खालचा प्रवास कमी होतो आणि खड्ड्यात गाडी आदळते. आईंना बसवायचे असेल तर तो प्रकार करूच नये.

मागच्या लांब शॅकलने वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मीच उंची मिळते, आणि पाटे तेच राहत असल्याने वजन टाकले की गाडी पूर्वीइतकीच बसते. त्यातच पुढून उंची वाढवलेली असेल, तर भरलेल्या गाडीचे नाक वर जाते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कंपनी रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुद्दाम थोडा उंच ठेवते, तो याचसाठी.

पूर्ण संचात जास्तीचे पैसे जातात ते या मर्यादा दूर करण्यासाठी. वजनानुसार निवडलेली स्प्रिंग, तिच्याशी जुळणारा लांब प्रवासाचा शॉकअप आणि चाकाची ठेवण पुन्हा योग्य करणारा वरचा आर्म हे एकमेकांना धरून असतात. मात्र त्यालाही एक अट आहे: कायम ओझे धरून जड पाटे घेतले, तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग उसळतो, आणि पावसात ओल्या घाटवळणावर ते धोक्याचे ठरू शकते.

कोयनाकाठ (पाटण):

माझ्या पिकअपला पुढे स्पेसर आहेत आणि मी समाधानी आहे. पण मी उंची दीड इंचाच्या पुढे नेली नाही, काम झाल्या दिवशीच व्हील अलाइनमेंट करून घेतली आणि हेडलाइटही खाली लावून घेतले. माझ्या गाडीत ओझे क्वचितच असते. मिस्त्रींनी सांगितलेले तोटे खरे असले, तरी थोड्या उंचीसाठी प्रत्येकाने दीड लाख घालावेत असेही मला वाटत नाही. मागे अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालून उंची वाढवणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. ठोकळा जितका उंच, तितका चढावर जोर देताना पाट्याला पीळ पडतो.

आरसी बुक:

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे काम करण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

जावळीकर:

सर्वांचे आभार. गाडी रॅम्पवर चढवून पाहिली. पुढच्या संरक्षक पत्र्यावर जुजबी खुणा आहेत, पण खोल ओरखडे डिफरन्शियलच्या गोळ्यावर आहेत. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले झालेले दिसले.

कराडचा मिस्त्री:

मग दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवा. गळके शॉकअप जोडीने बदला आणि मागच्या पाट्यांत एकच हलका जादा पाटा घाला. भरलेली गाडी कमी बसेल आणि आईंना चढायला पायरीही फारशी उंच होणार नाही. टायर झिजले असतील, तर तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत मोठे आणि खडबडीत नक्षीचे घ्या. वाटेवर चाकोरीत उतरू नका. एक बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेला ठेवून लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) सावकाश चला, म्हणजे गोळा उंचवट्याच्या वरून न जाता चाकोरीच्या वरून जाईल. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या आणि शेतावर एक-दोन फेऱ्या झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्या, कारण नवा पाटा बसला की ते हमखास थोडे सैल होतात.