मदत हवी आहे : भित्तिचित्रांच्या नियमावलीवर सूचना द्यायच्या आहेत

मंडळी, आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने सार्वजनिक भित्तिचित्रांसाठी नियमांचा मसुदा काढलाय. हरकती-सूचनांची मुदत चालू आहे. काही बाबतींत जाणकारांचं मार्गदर्शन हवंय.

मुख्य अडचण व्याख्येची. मसुद्यात भित्तिचित्र आणि जाहिरात फलक एकाच कलमात कोंबलेत. दुकानदाराने स्वतःच्या भिंतीवर फुलं-पक्षी रंगवून घेतले तर ती जाहिरात की कला? लॉस एंजेलिसने २०१३ मध्ये खासगी इमारतींवरच्या भित्तिचित्रांची बंदी उठवताना त्यांना फलकांपासून वेगळं काढलं, ते मला पटतं. आशय ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडे असू नये. आकार, उंची, रस्ता-सुरक्षा एवढंच तपासावं, असं माझं ठाम मत आहे. यासाठी नेमकी शब्दरचना कशी करावी?

दुसरं, चित्र पुसण्याआधी चित्रकाराला नोटीस देण्याची तरतूदच नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली आपल्या कलाकृतीची मोडतोड होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क मान्य केला होता. मग इमारतमालक बदलला तर जबाबदारी कोणाची?

देखभालीची अट, परवानगीचा कालावधी याबद्दलही सांगा. कोणाकडे चांगल्या नियमावलीचा नमुना असेल तर कृपया द्या.