‘शोध’ आणि ‘शोध’: डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन एकाच वाक्यात आले तर मराठीत काय लिहावं?

निळीशाई:
विज्ञानाच्या बातम्या मराठीत करते. एका ओळीवर दोन दिवस अडले आहे. भौतिकशास्त्राचं 2024 चं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. ते कशासाठी हे सांगणाऱ्या अधिकृत ओळीत डिस्कव्हरीज आणि इन्व्हेन्शन्स हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात उतरलं ते असं: ‘कृत्रिम चेताजालांच्या (न्यूरल नेटवर्कच्या) आधारे यंत्रांना शिकणं शक्य करणाऱ्या पायाभूत शोधांसाठी आणि शोधांसाठी’. मोठ्यानं वाचलं आणि थांबले. एक ‘शोध’ गाळला तर अर्धा अर्थ जातो, दोन्ही ठेवले तर छपाईची चूक वाटते. एका मैत्रिणीनं ‘आविष्कार’ सुचवला. मला तो पटत नाही, मराठीत आविष्कार कलेचा असतो. ती म्हणते आता सगळे तसंच लिहितात. तुम्ही काय लिहाल?

गवतफूल:
आविष्कार अजिबात नको. भावनेचा आविष्कार, लोककलेचा आविष्कार, म्हणजे आत आहे ते बाहेर प्रकट होणं. यंत्राचा आविष्कार ही हिंदीची उसनवारी. हिंदीत ‘शोध’ म्हणजे आपलं संशोधन, आणि हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे आपली दुरुस्ती. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते संविधान संशोधन म्हणतात. त्यामुळे ‘एका नव्या शोधात असं आढळलं की’ अशी सुरुवात दिसली की बातमी हिंदीवरून उतरवली आहे हे मला लगेच कळतं. मराठीत शोधात काही आढळत नाही, अभ्यासात किंवा संशोधनात आढळतं. असल्या वाक्यांनी माझा खरोखर जीव तुटतो, कारण वाचणाऱ्या मुलांना तीच मराठी वाटू लागते.

काटकोन:
शेजारच्या भाषेतून शब्द आला म्हणून तो बाटत नाही. आणि व्युत्पत्तीचंच बोलायचं तर ‘आविस्’ म्हणजे उघड. आविष्कार म्हणजे उघड करणं. मग तो डिस्कव्हरीलाच जास्त शोभतो, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थही झाकण काढणं हाच आहे. गंमत पुढेच आहे: इन्व्हेन्शनच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘समोर येणं, सापडणं’. म्हणजे ज्या भाषांत आज हे दोन शब्द वेगळे आहेत, तिथेही ते मुळात इतके वेगळे नव्हते. मराठीला एकच ‘शोध’ पुरला याची लाज वाटायचं कारण नाही.

पाणकळा:
‘शोध’चं मूळ कुणी पाहिलं का? शुध् धातू, स्वच्छ करणं. रक्तशोधक म्हणजे रक्त शोधणारं नव्हे, शुद्ध करणारं. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते काम म्हणजे आजच्या भाषेत पाठसंशोधन. चाळणीतून कोंडा जातो आणि दाणा उरतो, तसं शोधणं. माझ्या मते संशोधन या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे: प्रयोगातून चुका निघून जातात, उरतं ते खरं.

उंबरठा:
नामांची चर्चा चालू आहे, पण मराठीनं हा प्रश्न क्रियापदांवर सोपवला आहे, तिकडे बघा. शोध घेणे, शोध लागणे, शोध लावणे, शोधून काढणे. चारही वेगळे. पोलीस शोध घेतात, तो लागेलच असं नाही. ‘शोध लागला’ यात माणूस मागे राहतो, ‘शोध लावला’ यात पुढे येतो. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एका मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, ‘फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला’. दुसऱ्या परीक्षकानं ‘ला’वर काट मारून ‘ने’ केलं आणि ‘लागला’चं ‘लावला’. मी ती काट खोडायला लावली. 1928 मध्ये जीवाणूंच्या बशीत बुरशी पडली, तिच्याभोवतीचे जीवाणू मेले, आणि ते फ्लेमिंगच्या नजरेस आलं. त्यानं शोध लावणं वेगळं आणि त्याला तो लागणं वेगळं, हा फरक त्या मुलीला कळला होता. पुढे फ्लोरी आणि चेन यांनी त्यातून औषध उभं केलं, 1945 चं नोबेल तिघांत वाटलं गेलं. या दोन कामांना एकच शब्द वापरणं मलाही खटकतं, पण ‘औषध घडवलं’ म्हटलं की भागतं.

निळीशाई:
उंबरठा सर, क्रियापदानं वाक्य सुटतं हे खरं. पण मला नाम हवंय, मानपत्राची ओळ आहे. ‘शोध आणि नवनिर्मिती’ कसं वाटतं?

गवतफूल:
नवनिर्मिती फार पसरट. कवितासुद्धा नवनिर्मितीच.

पाणकळा:
‘उपज्ञा’ घ्या. कुणी न सांगता स्वतःला प्रथम सुचलेलं ज्ञान. पाणिनीच्या सूत्रात हा शब्द आहे, आणि मराठी समीक्षेत ‘उपज्ञ’, ‘स्वोपज्ञ’ अजून चालतात. शोध आणि उपज्ञा. शब्द दोन, अर्थही दोन.

काटकोन:
आणि वाचणारा तिसऱ्याच शब्दापाशी पान उलटेल. बातमी शिकलेल्या चार लोकांसाठी लिहायची आहे का?

पाणकळा:
‘क्ष-किरण’ पहिल्यांदा वाचला तेव्हा तरी कुणाला काय कळलं होतं? रोंटगेनला 1895 मध्ये ते किरण कसले हे माहीत नव्हतं, म्हणून त्यानं बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर दिलं. मराठीतली अज्ञात राशी ‘क्ष’, म्हणून क्ष-किरण. नुसतं एक्स ठेवलं असतं तर हा अर्थच आपल्यापर्यंत पोचला नसता. इतका नेमका शब्द कुणीतरी हट्टानं केला आणि लोकांनी उचलला. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. तुम्ही आधीच हात झटकले तर तो रुळणार कधी?

दिवेलागण:
मला वाटतं आपण घरातला शब्द विसरलो आहोत. माझी आजी शाळेत गेली नव्हती. शेवटच्या वर्षांत तिला परदेशातली पणती फोनच्या पडद्यावर दिसायची. पडद्यावरून बोट फिरवत ती म्हणायची, ‘ज्यानं हे काढलं त्याचं कल्याण होवो.’ काढलं! यंत्र काढलं, औषध काढलं, विमान कुणी काढलं. पण ‘युरेनस कुणी काढला’ असं कुणी म्हणून बघा. जीभच वळत नाही. आधीपासून जे आहे ते सापडतं, जे नव्हतं ते माणूस काढतो. बोलीत हा भेद पहिल्यापासून आहे, लिहिताना आपण तो हरवला.

उंबरठा:
हे फार मोलाचं आहे. मी ही जोडी वर्गात वापरायला हवी होती.

काटकोन:
कल्पना आवडली, पण नाम कुठाय? ‘काढणी’ पिकाची. शिवाय टूम काढली, सबब काढली, ‘हे काय नवीन काढलंस’, यांत थोडा नाराजीचा सूर असतो. हिंटन यांच्या मानपत्रात तो नको.

दिवेलागण:
आजीच्या बोलण्यात नाराजी नव्हती. सूर वाक्यावर ठरतो.

काटकोन:
बरं, आणखी एक अडचण सांगतो, त्यावर सगळ्यांचं मत हवं आहे. नोबेलनं 1895 च्या मृत्युपत्रात भौतिकशास्त्रासाठी ‘डिस्कव्हरी किंवा इन्व्हेन्शन’ म्हटलं, रसायनशास्त्रासाठी ‘डिस्कव्हरी किंवा सुधारणा’, वैद्यकासाठी फक्त डिस्कव्हरी. म्हणजे भेद त्याला हवाच होता. पण ट्रान्झिस्टर बघा, रेडिओ नव्हे, विजेचा प्रवाह वाढवणारा किंवा चालू-बंद करणारा छोटा भाग. डिसेंबर 1947 मध्ये तो पहिल्यांदा चालला. तो हातांनी जुळवलेला, कुठल्या खाणीत मिळालेला नव्हे. तरी 1956 च्या नोबेलची ओळ म्हणते, अर्धवाहकांवरचं (सेमिकंडक्टरवरचं) संशोधन आणि ट्रान्झिस्टर परिणामाची डिस्कव्हरी. वस्तू काढली, पण बक्षीस सापडलेल्या परिणामाला. उलट 2014 मध्ये निळ्या एलईडीला मात्र सरळ इन्व्हेन्शन म्हटलं. आता हॉपफिल्ड यांचं 1982 चं जाल घ्या. अर्धवट किंवा डागाळलेली आकृती दिली तरी ते साठवलेली पूर्ण आकृती आठवून देतं, उतारावरून घरंगळणारा चेंडू जसा खळग्यात जाऊन थांबतो तसं. जाल त्यांनी रचलं. पण रचना अशी असली की स्मृती आपोआप उमटते, हे त्यांना सापडलं. मग ते जाल लावलं, लागलं की काढलं?

पाणकळा:
गणिताचंही तेच नाही का? शून्य काढलं की सापडलं?

गवतफूल:
शून्यावर गेलात तर निळीशाईंची ओळ पुढच्या वर्षीही तशीच राहील.

उंबरठा:
मला मात्र काटकोनांच्या प्रश्नावरून नेपच्यून आठवला. फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिये यांनी युरेनसच्या चालीतल्या फरकावरून नव्या ग्रहाची जागा गणितानं काढली (इथेही ‘काढली’च) आणि बर्लिनच्या वेधशाळेत गालेला पत्र पाठवलं. पत्र मिळालं त्याच रात्री, 23 सप्टेंबर 1846 ला, गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत गेला आणि त्याच्या मदतीचा विद्यार्थी नकाशावर ताडून बघत गेला. एका ताऱ्याला तो ओरडला, हा नकाशात नाही! सांगितलेल्या जागेपासून अंतर एका अंशाहून कमी. आता शोध कुणी लावला? ल व्हेरिये यांनी तो पाहिला नव्हता, गालेनं गणित केलं नव्हतं, आणि नकाशात नाही हे ज्याला कळलं तो तर विद्यार्थी. त्याच्याही आधी, 1612 च्या डिसेंबरात आणि 1613 च्या जानेवारीत, गॅलिलिओनं गुरूजवळ हाच ठिपका टिपला होता, तारा समजून.

दिवेलागण:
म्हणजे गॅलिलिओला तो दिसला, पण सापडला नाही.

उंबरठा:
दिसला, टिपला, ओळखू आला नाही. याला एक क्रियापद आहे का मराठीत?

गवतफूल:
‘नजरेखालून गेला’.

पाणकळा:
नजरेखालून घालणं म्हणजे तपासून बघणं. ‘नजरेखालून गेला’ म्हटलं की निदान पाहिल्यासारखं वाटतं. इथे ‘नजरेतून निसटला’ हवं.

गवतफूल:
निसटला कसा? त्यानं कागदावर खूण केली होती. जे निसटतं त्याची खूण राहत नाही.

निळीशाई:
ओळ तूर्त ‘शोध आणि नवनिर्मिती’ अशीच ठेवली आहे, मनाविरुद्ध. गवतफूल, ‘नजरेखालून गेला’ मलाही बरोबर वाटतो. आमच्याकडे ‘वही माझ्या नजरेखालून गेली होती, तरी चूक राहिली’ असं म्हणतात.

पाणकळा:
त्या वाक्यात ‘तरी’ आहे म्हणून. ‘तरी’ काढून बघा.