मदत हवी आहे: हॉटेलात कुणी उलटी केली तर नेमकं कसं साफ करता?

नाशकात गंगापूर रोडला आमचं छोटं मिसळीचं हॉटेल आहे. रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. गेल्या रविवारी एका लहानग्याला टेबलापाशीच भडाभडा उलटी झाली. पोरगं बिचारं आजारी, त्याचा काय दोष! पण आमचा पोऱ्या टेबल पुसायचं फडकं घेऊनच धावला. मी ओरडलो म्हणून थांबला, नाहीतर तेच फडकं पुढच्या टेबलावर फिरलं असतं.

वाचलं ते असं: नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा, पटकन पसरणारा विषाणू) असेल तर सॅनिटायझर त्यावर फारसा चालत नाही, ब्लीच लागतं. आधी कागद टाकून घाण उचलायची, मग ब्लीच मारून थोडा वेळ तसंच ठेवायचं. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे हेच ब्लीच) एक भाग आणि पाणी नऊ भाग. अ‍ॅसिडमध्ये मात्र ते मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. (आमच्या मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या, आता वेगळ्या ठेवल्यात.)

आता विचारायचंय ते हे. शेजारच्या टेबलांवरचे उघडे पाव, कांदा, फरसाण तुम्ही सरळ फेकता ना? गिऱ्हाईक कुरकुरतं तेव्हा काय सांगता? ज्याने साफ केलं त्याला लगेच वाढायला पाठवत नाही, पण दोनच पोरं असली की कसं जमवता? आणि हातमोजे, मास्क, शोषून घेणारी पावडर असं एकत्र किट नाशकात कुठे मिळतं? पुढे सिंहस्थाची गर्दी आहे, त्याआधी सोय करायचीय.