क्षमेवर अभंग रचला आणि तबल्यावरच्या पोरावर ओरडलो

पेटीवाला: सर्वांना सलाम. नगरजवळच्या खेड्यात आमची छोटीशी ख्रिस्ती मंडळी. पेटी मी वाजवतो, अधूनमधून अभंगही जुळवतो. यंदा शुभ शुक्रवारसाठी ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ या वधस्तंभावरच्या उद्गारावर एक रचला. चरणांची अक्षरं सहा-सहा-सहा-चार. दुसऱ्या कडव्यात शेवटी एक अक्षर जास्त होतंय, ते असो. मागच्या शनिवारी तालमीत ठेका पळायला लागला. तबल्यावर दहावीतला पोरगा बसतो, त्याला सगळ्यांसमोर नको नको ते बोललो. तेव्हापासून तो आलेलाच नाही. पाळकसाहेब म्हणतात, गीत चांगलंय, घेऊ. पण माझ्या तोंडून ते निघेना. मागे घ्यावं का?

जुनी नगरकर: मागे कशाला? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा राग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काय कमी सांगितलाय? न सांगता घरातून निघून जायचे. 1919 मध्ये ते गेले, त्यांची पदं आपण अजून गातोच ना.

वसईची लेक: गातो, पण त्या रागाची झळ लक्ष्मीबाईंना बसली, गाणाऱ्यांना नाही. टिळकांच्या आडोशाला जाऊ नका दादा. मत्तय 5:23-24 काढा. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर भेट तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. भेट घरी न्या असं कुठे म्हटलंय? परत येऊन ती अर्पण करायचीच आहे.

जुनी नगरकर: हे पटलं. आणि टिळकांचं ख्रिस्तावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं ते पुढे लिहिलं कुणी, तर ज्यांनी तो राग सोसला त्यांनीच.

अक्षरमोज्या: माझा जीव त्या जास्तीच्या अक्षरात अडकलाय. ‘क्षमा करी रे’ असं काही असेल तर ‘रे’ उडवा.

पेटीवाला: अहो, ‘रे’च होतं! उडवलं.
काल त्याच्या घरी गेलो. तो डेअरीवर दूध घालायला गेलेला. आईने चहा ठेवला, मी काय बोलायचं ते घोकत बसलो. पोरगा आला, कॅन खाली ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, ठेका बरोबर होता. पेटी तुम्हीच पळवत होता.”
घरी येऊन मोबाइलवरचं तालमीचं रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या कडव्यापासून मीच पळतोय.