मदत हवी आहे: दांतेल द मोंमिराईच्या धारेवर दोराशिवाय कुठवर जाता येईल?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये मी आणि धाकटी बहीण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या दांतेल द मोंमिराई या चुनखडीच्या डोंगररांगेत जातोय. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे तिथल्या जंगलवाटा बंद होऊ शकतात, म्हणून मुद्दाम हा महिना धरलाय. मुक्काम झिगोंदास गावात. तिथून द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने कोल द्यु केरों खिंडीपर्यंत जाणं सोपं आहे, त्याची काळजी नाही.

प्रश्न पुढचा. खिंडीजवळच्या दांतेल सारासीन या कड्याचे चुनखडीचे थर जवळजवळ उभे झालेत, त्यामुळे माथ्यावरची धार अगदी अरुंद आणि दोन्ही बाजूंना सरळ कडा. पायथ्यातून वळसा घालता येतो, पण मला थोडं तरी धारेवर जायचंच आहे. वरून एकीकडे मळे आणि दुसरीकडे व्हाँतू पर्वत, हे किती दिवस मनात आहे!

तर, कुणी केलंय का? हाताचा आधार घेत चढण्याचे टप्पे कुठे संपतात आणि दोर, हार्नेस कुठून लागतो? जास्त वावर असलेल्या ठिकाणी चुनखडी पावलांनी घासून गुळगुळीत होते, तसे टप्पे उतरताना लागतात का? मला चढण्यापेक्षा उतरण्याचीच धास्ती. बहिणीला उंचीची भीती वाटते, तिला खालच्या वाटेने पाठवून पुढे भेटता येईल अशी जागा आहे का?

आणि मिस्त्राल, म्हणजे तिथला उत्तरेकडून येणारा जोरदार वारा, सुटला तर धारेचा बेत सरळ रद्द करावा ना? मला तरी तेच योग्य वाटतं, पण अनुभवी लोकांनी सांगावं.