मदत हवी आहे: नाव न कळता सरकारी डिजिटल आयडीने युजर व्हेरिफाय करता येतो का?

जाणकारांनी प्लीज लिहा, अडलंय. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आम्ही काहीजणी एक ऑनलाइन ग्रुप चालवतो. सगळ्या टोपणनावाने लिहितात, तसंच हवं. पण हल्ली फेक अकाउंट काढून लोक आत शिरतात, वाट्टेल ते लिहितात, ब्लॉक केलं की नव्या ईमेलने परत हजर. ओटीपी लावला तर दुसरं सिम. आता टीममध्ये काहीजणी म्हणतायत की सरळ सरकारी आयडीने लॉगिन ठेवू, एक माणूस एक अकाउंट, विषय संपला.

मला भीती वाटते. दक्षिण कोरियात 2007 पासून मोठ्या साइट्सवर खऱ्या ओळखीची सक्ती होती, 2011 मध्ये तिथल्या एका कंपनीकडून साधारण 3.5 कोटी युजर्सची माहिती चोरीला गेली आणि 2012 मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. आमच्याकडे नुसती नावांची यादी असली आणि ती फुटली, तर एखादीच्या जिवावर बेतेल.

मग जर्मनीच्या ओळखपत्राबद्दल वाचलं. त्यात साइटला नाव न देता फक्त एक टोपण-कोड मिळतो, प्रत्येक साइटला वेगळा, त्यामुळे दोन साइट्सना आपसात जुळवता येत नाही, आणि वय विचारलं तर फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं, जन्मतारीख नाही. मला हेच पाहिजे! फक्त तो कोड कार्डाला बांधलेला असतो, कार्ड नवं काढलं की कोडही नवा, म्हणजे ब्लॉक केलेला माणूस तेव्हा परत येऊ शकतो. ते एक वेळ चालेल, कार्ड काय रोज कोणी बदलत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. जिथे लॉगिन सरकारी सर्व्हरवरून फिरून येतं तिथे कोण कुठल्या साइटवर गेलं हे त्या सर्व्हरला कळतंच ना? ते टाळायचा काही मार्ग आहे का? आणि जिचं ओळखपत्र, फोन सगळं नवऱ्याच्या ताब्यात आहे ती बाई आत येणार कशी, तिच्यासाठीच तर ग्रुप आहे. तिला जुन्या मेंबरच्या ओळखीवर घेतलं तर तीच वाट ट्रोलही वापरतील का?

कुणी असं काही प्रत्यक्ष बसवलं असेल तर सविस्तर सांगा. आयडीचे फोटो अपलोड करून घ्या असं मात्र कृपया सुचवू नका, ते सुरक्षित सांभाळणं आम्हाला झेपणारं नाही.