मदत हवी आहे: थोडं थोडं काढलेलं अंगावरचं दूध एकत्र कसं करायचं, किती वेळ ठेवायचं?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मी बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. बाळाला पाच महिने पूर्ण झाले, २६ आठवड्यांची रजा संपली आणि मागच्या सोमवारपासून मी कामावर रुजू झाले. सकाळी पावणेआठला घर सोडते, परत यायला साडेसहा होतात. दिवसभर बाळ सासूबाईंकडे. सहा महिने होईपर्यंत वरचं दूध द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून हाताने दाबायचा पंप घेतलाय.

अडचण अशी की एका वेळी भरपूर दूध निघत नाही. पहाटे पाचला बाळ एका बाजूला पितं तेव्हा दुसऱ्या बाजूचं ४० मिली, ऑफिसात अकराला ६०, साडेतीनला ५०, कधी ३०च. बाळाला एका वेळी ९०-१०० लागतं. रजेत असताना फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात थोडं साठवलं होतं, सध्या त्यावर निभावतंय. पण रोजचं दूध एकत्र केल्याशिवाय भागणार नाही. आतापर्यंत मी एकच बाटली ठेवून तिच्यात भर घालत होते. सकाळचं थंड झालेलं, त्यावर अकराचं कोमट, त्यावर साडेतीनचं. ऑफिसातली एक ताई म्हणाली असं केलंस तर सगळंच नासेल. तेव्हापासून काय करू ते कळेना झालंय.

बुधवारी घरी आले तर बाटली धुऊन पालथी घातलेली. सासूबाईंनी वर पिवळसर थर आणि खाली पाण्यासारखं पांढुरकं बघितलं, दूध फाटलं असं वाटून त्यांनी ते परसातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतलं. १५० मिली. रेकॉर्डच्या खोलीत दाराला स्टूल लावून, भिंतीकडे तोंड करून काढलेलं दूध होतं ते. मी न जेवता झोपले, त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. सकाळी माझं मलाच वाईट वाटलं. त्यांनी बाळाच्या काळजीनेच केलं. दवाखान्यातून दुधाबद्दलचा जो कागद मिळाला तो कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्या मराठी चौथी शिकलेल्या, कन्नड अक्षर ओळखत नाहीत. मीही कन्नड अडखळतच वाचते. तायी कार्डाच्या (सरकारी दवाखान्यातून आईला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डाच्या) प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी तो कागद जपून ठेवलाय, पण वाचून दाखवणारं घरी कुणी नाही.

तर कोमट दूध थंड दुधात घालावं का? दोन्ही बाजूंचं एकत्र चालतं का? वर साय आली म्हणजे फाटलं का? आमचा फ्रीज एकदारी आहे, आणि पावसात झाडं पडली की वीज चार-चार तास जाते, तेव्हा काय करायचं? बाळाने अर्धंच प्यायलं तर उरलेलं पुन्हा देता येतं का? कृपया मराठीत आणि सासूबाईंना वाचून दाखवता येईल असं सांगा.

---

प्रतिसाद (वडगाव, बेळगाव)

ताई, ऑफिसच्या फ्रीजच्या नादाला लागू नका. तिथे दिवसभर दार उघडझाप होते आणि कोण काय कुठे सरकवेल सांगता येत नाही. मी जाड अस्तराची थंड पिशवी आणि तिच्यात गोठवलेले जेल पॅक वापरले. पॅक नीट गोठलेले असले तर त्यात दूध २४ तासांपर्यंत राहतं, तुमचा बसचा तास त्यात सहज बसतो. रात्री पॅक परत बर्फाच्या कप्प्यात टाकायला विसरू नका, मी दोनदा विसरले आणि दोनदा दूध गेलं.

---

प्रतिसाद (निपाणी, निवृत्त स्टाफ नर्स)

पोरी, आधी सायीचं सांगते. अंगावरचं दूध ठेवलं की त्यातली चरबी वर येते. म्हशीच्या दुधावर येते तशीच. रंग पिवळसर, निळसर कसाही दिसू शकतो. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की एकजीव होतं. फाटलेलं दूध फिरवून मिसळत नाही, गुठळ्या तशाच राहतात, आणि आंबट वास येतो. सासूबाईंना एकदा समोर बसवून फिरवून दाखव, शंभरदा सांगण्यापेक्षा ते बरं.

आता एकत्र करायचं. एकाच वेळी काढलेलं दोन्ही बाजूंचं दूध सरळ एका बाटलीत घाल. वेगवेगळ्या वेळचं असेल तर ऑफिसातल्या ताईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लगेच नासतं असं नाही, पण कोमट दूध घातलं की थंड दूधही मधल्यामधे गरम होतं. म्हणून अकराचं वेगळ्या छोट्या बाटलीत, साडेतीनचं वेगळ्या बाटलीत, दोन्ही थंड पिशवीत. घरी आल्यावर सगळं फ्रीजमध्ये ठेव. सारखं थंड झालं की रात्री एकत्र कर आणि बाटलीवर सगळ्यात जुन्या दुधाची वेळ लिही. म्हणजे पहाटे पाचचं त्यात असेल तर त्या बाटलीचं वय पहाटे पाचपासून मोजायचं. गोठलेल्या दुधावर कोमट दूध कधीच ओतायचं नाही.

फ्रीजमध्ये ४ अंशांपर्यंत थंडावा असेल तर ४ दिवस चालतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नकोस, मागे आत ठेव. बाहेर, खोली २५ अंशांच्या आत असेल तर ४ तास. आपल्याकडे पावसात ते जमतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी नाही, तेव्हा काढल्या काढल्या थंडच करायचं. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने चांगलं राहतं, पण तुमच्या एकदारी फ्रीजचा आतला कप्पा तितका थंड नसतो. तिथलं २ आठवड्यांत वापर. ६०-१०० मिलीच्या बेताने भर आणि वर थोडी जागा सोड, गोठताना दूध फुगतं. बाहेर काढलेलं दूध कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरून गरम करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. गोठलेलं फ्रीजमध्ये पूर्ण वितळलं की त्यापुढे २४ तास, परत गोठवायचं नाही. वितळल्यावर कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच लायपेज नावाच्या पाचक रसामुळे. बाळ पीत असेल तर काही हरकत नाही. बाळाच्या तोंडी लागलेलं, उरलेलं दूध २ तासांत द्यायचं, नाहीतर टाकून द्यायचं. टाकायला जीव होत नाही, म्हणून आधी थोडंच ओतायचं.

वीज गेली की फ्रीजचं दार उघडायचं नाही. बंद दारात साधारण ४ तास थंडावा टिकतो. बर्फाच्या कप्प्यात एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेव. तू कामावर असताना कप्पा वितळून परत गोठला तर नाणं खाली बुडालेलं दिसेल.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि अंगावर प्यायची सवय मोडत नाही. पंपाचे भाग दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने, वेगळ्या भांड्यात धू. मोरीत किंवा बेसिनमध्ये ठेवू नकोस. आणि अकरा ते साडेतीन मध्ये फार अंतर पडतंय, दीडला एकदा काढ. काढलं नाही तर दूध आटत जातं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात, जेवणाच्या सुट्टीशिवाय. ऑफिसात लेखी माग. स्टूल लावून काढायची वेळ कुणावर येऊ नये.

फ्रीजवर लावायचा कागद मोठ्या अक्षरांत असा लिही: "जुनी वेळ लिहिलेली बाटली आधी. वर साय दिसली तर हलके फिरवा, टाकू नका. कोमट पाण्यात धरून गरम करा. प्यायल्यावर उरलं तर २ तासांनी टाका. वीज गेली तर दार उघडू नका. शंका आली तर आधी मला फोन करा."

---

धागाकर्ती

मावशी, तुमचं सगळं काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. साय फिरवून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ बाटलीकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चांगलंच दूध ओतलं की." मी म्हटलं, कागद मराठीत असता तर ओतलं नसतं. आज फ्रीजवर कागद लागलाय, नाणंही ठेवलंय. वेळ मात्र त्यांना आकड्यांत वाचायला नको वाटतं, म्हणून बाटल्यांवर "पहाट", "सकाळ", "दुपार" आणि वार लिहायला लागले. दीडच्या वेळी काढून बघितलं, ४० मिली निघालं. सुट्टीचा अर्ज उद्या देणार. वडगावच्या ताई, जेल पॅक बेळगावात कुठल्या भागात मिळाले तेवढं सांगाल का?